गुणाची जाई आणि वांड बंड्या

पत्र: मावशी, आमच्याकडे दोन इंडी, म्हणजे आपले देशी, कुत्रे आहेत. बंड्या दीड वर्षाचा, रिक्षा स्टँडवर भिजत बसलेला दोन महिन्यांचा असताना उचलून आणला. चपला खातो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, फिरायला नेलं की आपल्यालाच फरफटत नेतो, सोसायटीच्या तक्रारी तर चालूच. जाई चारेक वर्षांची, शेल्टरमधून आणून तीन महिने झाले. इतकी गुणाची, भुंकत नाही, काही मागत नाही, वॉशिंग मशीनच्या मागे पडून असते. पण परवा जेवताना बंड्या जवळ गेला तर गुरगुरून त्याच्या नाकावर दात लावला. नवरा म्हणतो हिला परत देऊन टाकू. बंड्याला ट्रेनरकडे पाठवू का? आणि खरं सांगू, जाईवर माझं बंड्याएवढं प्रेम नाही बसलंय. – गोंधळलेली, डोंबिवली

अगं, अर्धं पत्र बंड्याच्या तक्रारींचं आणि मला मात्र त्याची काडीची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुझ्या गुणाच्या जाईची. नवी सून तीन महिने तोंड उघडत नाही आणि घरचे म्हणतात काय शांत मुलगी मिळाली, तसं झालंय हे. कुत्रं दिवसभर मशीनच्या मागे पडून राहतं, काही मागत नाही, तेव्हा ते शहाणं नसतं बहुतेक वेळा, घाबरलेलं असतं.

नीट बघ तिच्याकडे. समोर खायला काही नसताना ओठ चाटते का, झोप आलेली नसताना जांभया देते का, तू वाकलीस की मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी बघते का, शेपूट पोटाखाली असते का. तिच्या कानाला व्ही आकाराची खाच आहे का तेही बघ, असेल तर कधीतरी तिला रस्त्यावरून पकडून नेऊन नसबंदी केलेली आहे. मग माणसाचा हात अंगावर आला की तिला काय आठवत असेल ते तूच विचार कर. बंड्या तुझ्याकडे दोन महिन्यांचा आला. पिल्लांचं साधारण तीन ते चौदा आठवडे हे वय असं असतं की त्यात जे बघितलं ते आयुष्यभर नॉर्मल वाटतं, त्यामुळे मिक्सर, लिफ्ट, कुकरची शिट्टी, सासूबाईंची काठी, सगळं त्याच्यासाठी घरचंच. तिच्यासाठी हे सगळं चौथ्या वर्षी एकदम अंगावर आलं आणि वरून हा सांड दिवसभर कानाला लोंबकळायला.

गुरगुरल्याबद्दल ओरडली नसशील अशी आशा आहे. गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय की लांब राहा, ते ओरडून बंद पाडलंस तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आजपासून दोघांची जेवणं वेगळ्या खोलीत, मधलं दार बंद, खाऊन झालं की भांडी उचलून ठेवायची, हाडं आणि चघळायच्या गोष्टी दोघं एकत्र असताना अजिबात नाहीत. आणि आधी व्हेटकडे ने तिला. दात, कान, सांधे बघू देत आणि रक्त तपासून घे, गोचीडतापाने पण कुत्री अशी मरगळून पडतात नि दुखत असलं की चिडतात. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम मात्र चुकूनही देऊ नकोस, कुत्र्यांना विषारी ठरू शकतं.

फिरायला दोघांना एकत्र नेतेस ना? बंद कर ते. बंड्याला सकाळी ने, सावकाश, आणि वास घेऊ दे मनसोक्त, प्रत्येक खांबापाशी थांबला तरी चालेल, नुसतं पळवण्यापेक्षा त्याने जास्त दमतो. जाईला रात्री उशिरा, रोज त्याच रस्त्याने, आणि नुसत्या गळपट्ट्यावर नको गं बाई, घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान काढून घेतं आणि मग स्टेशन रोडच्या ट्रॅफिकमध्ये शोधत बसशील. नीट बसणारा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घे, पट्टा हार्नेसला आणि गळ्याला दोन्हीकडे लाव.

मशीनमागून तिला हाकलू पण नकोस आणि ओढून काढू पण नकोस, फक्त कपडे धुताना तिथे केवढा धडधडाट होतो ते बघ आणि बेडरूमच्या कोपऱ्यात टेबलाखाली जुनी चादर टाकून दुसरी जागा करून दे, तिथे बंड्याला नो एंट्री. नवऱ्याला म्हणावं संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस, मोबाईल बघ आणि मधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा मागे टाक, बोलू नको, हात लावू नको. नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब रेस्क्यूवाले सांगतात पण भित्र्या कुत्र्याला वर्ष पण लागतं.

बंड्याचं काय, तो टीनएजर आहे. बेल वाजली की आधी पट्टा, मग दार. डॉग फूड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दे, शोधत बसेल, चपला वाचतील. ट्रेनर बघायचाच तर गळा आवळणारा पट्टा, शॉक असलं काही वापरणारा असेल तर दारातूनच नमस्कार कर. सोसायटीने कुत्री ठेवायला किंवा लिफ्टमधून न्यायला बंदी करायची नाही असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे, पण शी उचलायची पिशवी खिशात ठेव म्हणजे वाद घालताना आवाज चढवता येतो.

परत देणं पाप वगैरे नाही. हे सगळं करूनही खोल जखमा होईपर्यंत भांडायला लागली तर जाईसाठी एकच कुत्रं हवं असलेलं शांत घर बघणं हे योग्यच. पण एका नाकावरच्या ओरखड्यावरून नाही. आणि प्रेमाचं म्हणशील तर नसेल बसलं, नसू दे, उगाच जाऊन मिठ्या मारू नकोस, तिलाही नकोयत त्या. वेळेवर जेवण दे, तिच्या वाटेतून बाजूला हो, सध्या एवढं पुष्कळ आहे.

दिवाळी जवळ आलीये, तेव्हा फटाक्यांच्या भीतीवरचं औषध लागेल का ते रक्त तपासायला जाशील तेव्हाच विचार, ऐन लक्ष्मीपूजनाला धावपळ नको. लागणार असलं तर आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघायचं असतं. आणि सासूबाईंना सांग, पोळीचा तुकडा हातातून भरवायचा नाही, लांबून टाकायचा.