गिअर पडत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स कशाला उतरवायचा?

गाडी सुरू असताना पहिला आणि रिव्हर्स पडत नाही, मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवू म्हणतोय, तर हो म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. लगेच म्हणू नका. आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडत असतील तर क्लच नीट सुटत नाहीये, गिअरबॉक्सवर संशय घ्यायचं कारण नाही. बंद गाडीतही अडकत असतील तर लिव्हरखालचे बुश, लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारे दांडे), गिअर केबल बघायची, आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी.

एवढ्या ठामपणे सांगतेय कारण हे माझ्यावर गुदरलंय. नवरात्रात सप्तशृंगी गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत, नांदुरीला लावून एसटीने वर जावं लागतं. दर्शन घेऊन खाली आलो, गाडी सुरू केली, तर रिव्हर्स टाकताना नुसतं कर्रर्र. पहिलाही पडेना. मागे हॉर्न, सासूबाईंना उपास, आणि मोठे दीर सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं म्हणाले, "बायका क्लचवरचा पाय काढतच नाहीत. जाळली प्लेट!" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

प्लेट जळली असती तर गिअर पडले असते, गाडीने ओढ घेतली नसती. इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो. इथे नेमकं उलटं होतं. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर होते, बाहेरून तपासता येईल तेवढं तपासून झाल्याशिवाय ते कुठल्याही मशीनला पाना लावत नसत. मी इंजिन बंद केलं, पाचही गिअर सहज पडले. सुरू करून पेडल भराभर पंप केलं, पहिला पडला. म्हणजे दाब कमी. आमच्या गाडीत क्लच ऑइलच्या दाबावर चालतो आणि ते ऑइल ब्रेकच्याच टाकीतून येतं. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली, आणि वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर ओलंचिंब. भाच्याने वणीहून ऑइल आणलं, ते भरलं, ब्रेक घट्ट लागतोय हे तिथल्या तिथे तपासलं आणि पेडल पंप करत दिंडोरीमार्गे गाडी मीच नाशिकला आणली.

गॅरेजवाल्यानेही आधी क्लच सेटचाच खर्च सांगितला. ते ओलं रबर त्याला दाखवल्यावर गप्प बसला. फक्त सिलिंडर बदलला, लाइनमधली हवा काढली. त्याच क्लच प्लेटवर पुढे भर पावसात कसारा घाट कितीदा तरी चढले. दीर अजूनही जेवायला बसले की "प्लेट जाळली होती" म्हणतात. हे उत्तर त्यांना पाठवणार आहे.

बाकी कारणं थोडक्यात. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत क्लचला केबल असते, ती ताणली की हीच लक्षणं, आणि ॲडजस्ट करणं दहा मिनिटांचं काम. एकच गिअर, बहुतेकदा दुसरा, टाकताना खरखरत असेल तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी आतल्या भागांचा वेग जुळवणारी कडी, झिजली. पडलेला गिअर चालताना आपोआप सुटत असेल तर आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा लॉकिंग स्प्रिंग, कधी इंजिनचं माउंटिंग. डिसेंबरच्या पहाटे सगळेच गिअर जड आणि नंतर मोकळे होत असतील तर गिअर ऑइल बघा. नुसता रिव्हर्स खरखरत असेल तर गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो.

तुमचा मेकॅनिक खोटंच बोलतोय असं मात्र नाही. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसोबत (क्लच सोडवायला दाब देणारं बेअरिंग) आतच असतो, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट तुटली तरी आतच जावं लागतं. तेव्हा गिअरबॉक्स चांगला असूनही उतरवावा लागतो. पण नक्की कशासाठी उतरवतोय ते त्याने दाखवून सांगायला हवं. आणि हे सगळं मॅन्युअल गाडीबद्दल.

बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते. ती कमी दिसली तर ब्रेक तपासल्याशिवाय हलू नका, आणि झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. बंद गाडीत काय होतं आणि पंप केल्यावर फरक पडतो का, ते खाली लिहा.