हत्तीने माड पाडले? जागा साफ करू नका, आधी सातबारा काढा

तिलारी खोऱ्यात (सिंधुदुर्ग, दोडामार्ग तालुका) हत्तीमुळे एका रात्रीत ९ माड आणि केळी गेल्या, भरपाईचं विचारलं तर वनखात्याचा गार्ड म्हणतो 'अर्ज द्या, बघू', आणि तुम्ही गडी लावून जागा साफ करताय, असं तुम्ही लिहिलंय. गडी परत पाठवा.

पंचनामा होईपर्यंत झावळ हलवायची नाही. प्रत्येक माडाला चुन्याने नंबर घाला, बुंध्याशी कोयता ठेवून फोटो काढा, म्हणजे जाडीचा अंदाज येतो. हत्ती माड पाडून कोंब खातो. तो फाटलेला गाभा आणि लीद हाच पक्का पुरावा, पण दोन उन्हं लागली की ओळखू येत नाही. पुढच्या पायाचा ठसा सापडला तर दोरीने घेर मोजा. त्याच्या दुप्पट म्हणजे साधारण खांद्यापर्यंतची उंची. अर्ज तीन दिवसांच्या आत द्या आणि पोच घ्या.

आता खरी मेख. आमचे एका मोसमाचे भरपाईचे पैसे एका शेऱ्यावर अडकले: 'सातबाऱ्यावर पीक दिसत नाही'. जमिनीवर फळते माड, कागदावर पड. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवतात ती) भात नोंदवतात, माड-पोफळी कोणाच्या लक्षातच येत नाहीत. बांधावरची झाडं नोंदवायचा पर्याय वेगळा असतो, तो उघडून संख्येसकट नोंद करा. त्यात आपल्याकडचे सामायिक सातबारे. आजोबांचं नाव तसंच, वारस नोंद नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईत. हिस्सेदारांच्या संमतीपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे वनखात्याच्या कार्यालयाने पहिल्या खेपेला सांगितलं नाही, चौथ्या खेपेला सांगितलं. गणपतीत सगळे गावी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. नुसतं 'माड ९' नको, वय आणि फळता की रोप हेही लिहून घ्या. (मी वकील नाही. दर बदलतात, चालू शासन निर्णय स्वतः बघा.)

कुंपणाचं विचारलंत. सौर कुंपण चांगलं, पण ते झटका देणाऱ्या यंत्रापेक्षा अर्थिंगवर चालतं. आपल्या जांभ्याच्या जमिनीत मार्च-एप्रिलमध्ये जमीन इतकी सुकते की झटकाच बसत नाही. अर्थिंगच्या एका सळीवर भागवू नका. तीन सळ्या, एकमेकींपासून तीनेक मीटरवर, आणि उन्हाळ्यात तिथे रोज पाणी. पावसात उलटं: तारेला गवत टेकलं की करंट तिथेच मुरतो. झटका शेवटच्या खांबाशी मोजा, यंत्राजवळ नाही, आणि मोजायला कुंपणाचा टेस्टरच हवा. सुळ्याला झटका बसत नाही हे टस्कर (सुळेवाला नर) लवकर शिकतो, म्हणून खांबही आतल्या बाजूला घ्या. घरची लाइन मात्र चुकूनही तारेत सोडू नका. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या तारेला आधी आपलंच माणूस चिकटतं.

'पकडून न्या' म्हणणाऱ्यांचा राग कळतो, पण पटत नाही. २०१५ मध्ये कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यातले दोन कैदेतच दगावले, आणि दोडामार्गात हत्ती आजही आहेत. २००२ मध्ये ते कर्नाटकातून उतरले ती वाट बंद झालेली नाही. तिलारी संवर्धन राखीव २०२० मध्ये जाहीर झालं, चांगलं झालं, पण ते २९.५३ चौरस किलोमीटर. कळपाला शेकड्यांनी लागतात. त्याच्या आजूबाजूचं खाजगी रान रबर आणि अननसासाठी तुटतंय. बांबू गेला की हत्ती केळीत येणार, त्याला हद्द कोण समजावणार? माझ्या मते वनखात्याने पैसा पकड मोहिमेपेक्षा रात्रीच्या गस्तीवर आणि वेळेवर भरपाईवर घालावा. इथे सगळ्यांना पटेल असं नाही.

आणि हो, घराजवळचे फणस झाडावर पिकू देऊ नका. वास लांबवर जातो. कच्चे असतानाच उतरवा.