लॉन बोल्समधला ‘बायस’ म्हणजे पक्षपात नव्हे

देवगडच्या एका क्रीडाशिक्षिकेने विचारलंय: लॉन बोल्सची ओळख करून देणारा मराठी तक्ता शाळेसाठी करतेय. ‘बायस’ला ‘पक्षपात’ लिहिलं तर चालेल का? आणि बाकीच्या शब्दांचं काय करू?

‘पक्षपात’ अजिबात नको. हिरवळीवर गोळे घरंगळवत एका छोट्या चेंडूजवळ न्यायच्या या खेळात बायस हा गोळ्याचा अंगचा गुण आहे. गोळा पूर्ण गोल नसतो, त्यामुळे सरळ सोडला तरी वळतो. असोला नारळ अंगणाच्या उतारावर सोडून बघा, तोही सरळ जात नाही. फरक इतकाच की नारळ कुठेही भरकटतो आणि बोल्सचा गोळा ठरलेल्या बाजूलाच वळतो. ती बाजू ओळखता यावी म्हणून तिच्यावर लहान खूण असते, दुसऱ्या बाजूला मोठी. जोर असेतो वळण फारसं जाणवत नाही. वेग ओसरला की गोळा भराभर आत येतो. पूर्वी एका अंगाला शिसं भरत, आता घडणीतच ते साधतात.

याला मराठीत ‘कल’ म्हणावं. होडी कलते, दिवस कलतो, जमिनीला कल असतो आणि पोराचा कल चित्रकलेकडे असतो. वस्तूचं झुकणं आणि मनाचं झुकणं, दोन्ही या एका शब्दात मावतं. इंग्रजी ‘बायस’चा प्रवासही तसाच झाला: फ्रेंचमधून आला तेव्हा अर्थ होता तिरकेपणा, 16व्या शतकात तो या खेळात रुळला आणि खेळातून पूर्वग्रहाकडे गेला. ‘पक्षपात’ लिहिलं की नंतरचा अर्थ आधीच्यावर लादला जातो. शिवाय ‘बाहेरून सोड, कल आत आणेल’ हे मुलांना मैदानावर सांगता येतं. तिथे पक्षपात घालून बघा!

‘जॅक’, म्हणजे ज्याच्या जवळ गोळे न्यायचे तो छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू, तसाच राहू द्या. ‘एंड’ला ‘शेवट’ नको, ‘डाव’ म्हणा. एका दिशेने सगळे गोळे सोडून झाले की एक डाव झाला. आणि गोळा ‘फेकला’ तर मुळीच लिहू नका. तो सोडतात, घरंगळवतात. हिरवळीच्या कडेची ‘डिच’ म्हणजे आपला चर, बागायतीत खणतो तोच.

‘स्किप’ला तक्त्यात ‘कर्णधार’ लिहा, पण बंदरावरच्या मुलांना तोंडी ‘तांडेल’ सांगा. स्किप हे जहाजाच्या ‘स्किपर’चंच छोटं रूप. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिलांनी चौघींच्या प्रकारात दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा रूपा राणी तिर्की स्किप होत्या.

राहिला ‘टचर’. त्याला ‘शिवलेला गोळा’ म्हणा, शिवाशिवी खेळणाऱ्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. घरंगळत जाऊन जॅकला शिवला की त्यावर खडूची खूण करतात. मग तो चरात पडला तरी डावात धरतात. न शिवलेला चरात गेला की बाद.