ऑनलाइन घेतलेली एसएसडी (कॉम्प्युटरमधली माहिती साठवायची ड्राइव्ह) खराब निघाली. विक्रेता 'फिजिकल डॅमेज' म्हणून परत घेत नाही. पैसे कसे मिळवावेत, आणि पुढे सुटे भाग कुठून घ्यावेत?

'फिजिकल डॅमेज' हे दोन शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुमची एसएसडी बारा दिवसांत कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली, तुम्ही ती रीतसर परत पाठवली, आणि त्यांनी 'ग्राहकाकडून नुकसान' असा शेरा मारून ती तुमच्याच गळ्यात मारली. माझ्या बाबतीत मदरबोर्ड होता, म्हणजे कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड. बाकी सगळं तेच.

आधी एकच कामाचं सांगते. तो शेरा लेखी मागा. कुणी तपासलं, कोणत्या तारखेला, नेमकं कुठे काय तुटलंय आणि त्याचा फोटो, हे सगळं ईमेलवर. फोनवरचं बोलणं धरू नका. फोनवरचा माणूस चांगलं बोलतो आणि त्याचा काही उपयोग नसतो.

मी इंदूरला रामबागेत राहते. पंचवीस वर्षं घरूनच डीटीपी करते: लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, हिंदी-मराठी दोन्ही. माझी मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सुटे भाग आणून मी स्वतः जोडते. २००१ मध्ये पहिली जोडली, तेव्हापासून एकही प्रोसेसर किंवा बोर्ड माझ्या हातून खराब झालेला नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

२०२३ चा ऑगस्ट. त्या वर्षी गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि एका मंडळाची ९६ पानांची स्मरणिका माझ्याकडे होती. जुनी मशीन फोटोंची पानं उघडताना अडकायची, म्हणून नवी जोडायची ठरवली. प्रोसेसर आणि रॅम (कॉम्प्युटरची कामचलाऊ मेमरी) सिल्व्हर मॉलमधून, इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारातून, घेतली. बोर्ड तिथे अकराशे रुपयांनी महाग पडत होता, म्हणून तेवढा ऑनलाइन मागवला, ८,४५० रुपयांना.

मशीन पहिल्या झटक्यात चालू झाली. पण रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिका लावलेल्या असून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसत होते ८ जीबी. स्टिका अदलाबदल करून पाहिल्या. रॅमच्या खाचा दोन गटांत असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एका चॅनलच्या खाचांत कोणतीही स्टिक चाले, दुसऱ्या चॅनलच्या खाचांत कोणतीच नाही. अशा वेळी जाणता माणूस आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, बघतो, कारण रॅम चालवणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि प्रोसेसर बोर्डाशी बोलतो तो सॉकेटच्या पिनांमधून. एक पिन वाकली तरी अख्खा चॅनल जाऊ शकतो. म्हणून मी प्रोसेसर काढला, सासऱ्यांचं भिंग घेतलं, खिडकीजवळ बसून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि ओळ न् ओळ पाहिली. या सॉकेटमध्ये १७०० पिना असतात, केसासारख्या बारीक, सगळ्या एका बाजूला किंचित झुकलेल्या. वाऱ्यावर गव्हाच्या ओंब्या झुकतात तशा. उजेड तिरका पडला की सगळ्या ओळी एकसारख्या चमकतात, आणि एखादी जरी वाकडी असेल तर तेवढीच वेगळी दिसते. माझ्या बोर्डात एकही वाकडी नव्हती. मी फोटो काढला, त्यात बोर्डावरचा सिरीयल नंबरचा स्टिकरही येईल असा. मग प्रोसेसर परत बसवून स्क्रीनवरच्या ८ जीबीचा व्हिडिओ केला.

मग कस्टमर केअर. चार दिवस वेगवेगळ्या आवाजांनी मला तेच सांगितलं, "मॅडम, रॅम निकालकर फिर से लगाइए." मी दरवेळी पहिल्यापासून सांगायचे, कारण आधीचं बोलणं कुणाच्याच समोर नसायचं. तंत्रज्ञ पाठवतो म्हणाले. दोनदा मोबाइलवर संदेश आला की ग्राहक घरी उपलब्ध नाहीत. दोन्ही दिवस मी आणि सासूबाई घरात होतो, दार उघडं होतं, कुणी फिरकलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा खरंच एक मुलगा आला. चांगला होता. त्यानं माझी मशीन चालू केली, ८ जीबी बघितले, स्टिका फिरवून बघितल्या आणि त्याच्या ॲपमध्ये लिहिलं की दुसरा चॅनल दिसत नाही, बोर्ड बदलून द्या. बोटानं माझी सही घेतली. तो रिपोर्ट मला ईमेलवर आला. हा रिपोर्ट लक्षात ठेवा.

पिकअपच्या सकाळी मी सॉकेटचा पुन्हा एक फोटो काढला, प्लॅस्टिकचं झाकण 'टक्' आवाज येईपर्यंत बसवलं, बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी मूळ खोक्यात. कुरिअरवाल्यानं दारातच खोकं उघडायला लावलं, नंबर जुळवला, आणि मी पुन्हा सगळं भरून दिलं.

सोळा दिवसांनी बोर्ड परत आला. पिशवी नाही, झाकण नाही, फुग्याच्या प्लॅस्टिकचा एक पदर गुंडाळलेला. सॉकेटच्या एका कोपऱ्यात आठ पिना झोपलेल्या होत्या आणि एक तर शेजारणीवर आडवी पडली होती. सोबत ईमेल: फिजिकल डॅमेज, सॉकेटच्या पिना वाकलेल्या, बदलून मिळणार नाही. मी फोन केले, फोटो पाठवले, तंत्रज्ञाचा रिपोर्ट पाठवला. पाच जणांनी एकच वाक्य ऐकवलं, "हमारी टीम ने चेक किया है."

मी तो बोर्ड घेऊन तशीच सिल्व्हर मॉलला गेले, जिथून प्रोसेसर घेतला होता त्या दुकानात. माझा प्रोसेसर त्यात घालायची माझी हिंमत नव्हती. दुकानदारानं स्वतःचा एक जुना प्रोसेसर लावला. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. ते म्हणाले, "मॅडम, या अवस्थेत हा बोर्ड तुमच्याकडे चालू होणंच शक्य नव्हतं. आणि तुमच्याकडे तर त्यांच्याच माणसानं तो चालू करून बघितलाय." एवढी साधी गोष्ट. त्यांनी ती बिलबुकाच्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिली. एक पैसा घेतला नाही.

त्या संध्याकाळी भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा, पुण्याहून फोन आला. ते सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये आहेत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, एवढ्या नाजूक पिना असतात, तुमच्याच हातून वाकल्या असतील. तिथे प्रोसेस असते, कुणी उगाच नाही लिहीत." मी फोटोंबद्दल सांगितलं तर म्हणाले, फोटो काढल्यावर वाकल्या असतील. कंपनीनं खोटं ठरवलं त्याचा राग होता. घरच्या माणसानं ठरवलं ते लागलं.

माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. प्रोसेस म्हणजे शेवटी टेबलाशी बसलेला एक माणूस. बोर्ड नाकारला तर त्याला कुणी काही विचारत नाही आणि स्वीकारला तर उत्तर द्यावं लागतं, अशी व्यवस्था असेल तर तो नाकारणारच. त्यात ग्राहकाची बाजू ऐकायची पायरीच ठेवलेली नसते. म्हणून 'आमच्या टीमनं तपासलं' याला पुरावा म्हणू नका, समोरच्यालाही म्हणू देऊ नका.

आता तुमचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांत स्पष्ट लिहिलंय की वस्तू सदोष असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. 'सात दिवस उलटले' हे साइटचं धोरण झालं, कायदा नव्हे. प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवाडा द्यायचा असतो. त्याचं नाव-पत्ता साइटवरच असतो, पण पार तळाशी. कस्टमर केअरला लिहिलेल्या दहा ईमेलपेक्षा त्याला लिहिलेलं एक बरं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण माझ्या बाबतीत हलले ते तिथूनच. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठे का असेना. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिथे 'आमची टीम' चालत नाही.

मला हेल्पलाइनवर तक्रार केल्यानंतर बावीस दिवसांनी ईमेल आला. 'गुडविल' म्हणून, एक वेळची सवलत म्हणून, पूर्ण ८,४५० रुपये परत. बोर्डही नको म्हणाले, तुमच्याकडेच ठेवा. मी लगेच लिहिलं की पैसे घेते, पण नुकसान ग्राहकाकडून झालं हा शेरा काढा. त्याला उत्तर आलं नाही. आयोगात जायला हवं होतं, आजही वाटतं. दोन वर्षांची मुदत होती, स्मरणिकेनंतर लग्नसराईच्या पत्रिका सुरू झाल्या आणि ती हातची गेली. तुम्हाला कुणी 'गुडविल'नं पैसे देऊ केले तर स्वीकारण्याआधी निदान एका ओळीत कळवा की तुम्ही ही सवलत नव्हे, सदोष मालाचा परतावा म्हणून घेताय.

पुढे कुठून घ्यावं? बोर्ड आणि प्रोसेसर दुकानातून, समोर खोकं उघडून, समोर चालू करून. अकराशे रुपये जास्त गेले तर जाऊ देत. माझे त्या महिन्यात जे दिवस गेले त्यांची किंमत अकराशेहून फार जास्त होते; स्मरणिकेची शेवटची चाळीस पानं मी जुन्याच मशीनवर रात्री जागून लावली. रॅम, की-बोर्ड वगैरे ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. दुकानदार सगळेच सज्जन असतात असं नाही. सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल देत नसेल तर तिथून उठा.

तुमच्या एसएसडीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. साइटची परतीची मुदत वेगळी आणि कंपनीची वॉरंटी वेगळी. एसएसडीला बहुधा तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा साइटशी भांडण चालू ठेवून ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्येही विचारा. तिच्यावरचा स्टिकर मात्र काढू नका, थोडासा उचकटलेला दिसला तरी ते त्यांना कारण पुरतं. आणि आत कुणाची कागदपत्रं असतील तर ती मेलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका; दुसऱ्या हातात जाते आहे हे धरूनच पासवर्ड बदला.

भाऊजी त्या दिवाळीला इंदूरला आले होते. पैसे परत मिळाल्याचं कळल्यावर म्हणाले, "बघा, चूक तुमची असून दिले, चांगली कंपनी आहे." पाहुणे होते, सण होता, मी बोलले नाही.

ते गेल्यावर एका रात्री तो बोर्ड टेबलावर घेतला. भिंग स्टँडला बांधलं, शिसं काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक एकेका पिनेवर सरकवून तिला हलकेच उभी केली. आठ पिनांना दोन तास लागले. शेजारणीवर पडलेली सगळ्यात शेवटी घेतली, ती मोडेल अशी भीती होती, मोडली नाही. दुसऱ्या दिवशी सिल्व्हर मॉलच्या त्याच दुकानात त्यांनी तोच जुना प्रोसेसर बसवला, चारही खाचांत रॅम भरली आणि बटण दाबलं. या वेळी स्क्रीन आली. एका चॅनलची रॅम पूर्ण दिसली, दुसऱ्याची काहीच नाही. माझ्या घरी पहिल्या दिवशी दिसलं होतं आणि त्यांच्या तंत्रज्ञानं लिहून दिलं होतं, अगदी तेच. दुकानदारांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे असंच आलं होतं फॅक्टरीतून." त्या स्क्रीनचा फोटो माझ्याकडे आहे. भाऊजींना तो आज या उत्तरासोबत पाठवते आहे.