बारीक पेन कातताना घाई नको

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर, पेन बनवायला बाभळीच्या ठोकळ्यापासून सुरुवात करण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अर्धवट वाळलेले लाकूड पेन पूर्ण झाल्यावरही तडकते, म्हणून ७ मिमीचे छिद्र पाडल्यानंतर ठोकळा काही दिवस सावलीत ठेवावा आणि मगच त्या छिद्रात पेनचा गाभा असलेली पितळी नळी चिकटवावी. छिद्र पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा. नवशिक्यांची खरी चूक पुढे होते: टेलस्टॉक (लेथच्या टोकाचा, काम दाबून धरणारा भाग) अधिक आवळल्याने मँड्रेल (ठोकळा ज्यावर ओवून फिरवतात तो बारीक दांडा) किंचित वाकतो, आणि मग पटाशी कितीही धारदार असली तरी पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. नळीवर शेवटी लाकडाचा थर एक मिलिमीटरहूनही कमी उरतो, त्यामुळे एवढासा फरकही धातूच्या कडीपाशी बोटाला जाणवतो.