पूर येण्याआधीचं काम

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. जानेवारी २०२६ मधल्या पुणे महापालिकेच्या निवडणुकीत घरोघर फिरलीस, आता पुढच्या वेळी स्वतः उभं राहायचं म्हणतेस, हे वाचून बरं वाटलं. सोबत जोडलेली भूमिका वाचून मात्र जरा काळजी वाटली. तिच्यात संविधान आहे, जातीअंत आहे, हवामानबदल आहे, आणि तुझ्या प्रभागातून वाहणारा ओढा कुठेच नाही. यातल्या एकाही मुद्द्याला माझा विरोध नाही, हे तुला ठाऊक आहे. पण पालिकेच्या मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर येतं ते ड्रेनेज, निविदा, वर्गीकरण (एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं) आणि जागा भाडेकराराने देण्याचे प्रस्ताव. आपली मूल्यं लावायची ती त्या प्रस्तावांना, आणि त्यासाठी अभ्यासाला बसावं लागतं.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्याच चळवळीतले लोक विसरतात. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचा खर्च निघाला, तेव्हा तो पैसा शिक्षणाकडे वळवा म्हणून ते आडवे गेले. सत्यशोधक समाज काढणारा माणूस खर्चाच्या एका बाबीवर भांडत होता. मृणालताई गोरे १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेत गेल्या आणि लोकांनी त्यांना नाव दिलं ते ‘पाणीवाली बाई’. हा आपला वारसा आहे, आणि तो बराचसा नळाच्या, गटाराच्या आणि हिशेबाच्या कागदांत आहे.

तेव्हा पहिलं काम, अंदाजपत्रक वाच. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं होतं. एवढ्या आकड्याला घाबरायचं नाही. आधी जमेची बाजू उघडायची. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता शहराच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी: मिळकतकर, राज्याकडून दरमहा येणारं जीएसटीचं अनुदान आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. तिसरी बाब नीट बघ. शहर जितकं बांधलं जाईल तितकी तिजोरी भरते. मग ओढ्याला खेटून उभ्या राहणाऱ्या इमारतीला नाही म्हणणं, म्हणजे पालिकेला आपल्याच उत्पन्नावर पाणी सोडल्यासारखं वाटतं. बिल्डर आणि राजकारणी यांच्या साटंलोट्यावर आपण भरपूर बोलतो, आणि ते खोटं नाही. पण सगळे प्रामाणिक असले तरी हा पेच तसाच राहील, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर उपाय सुचणार नाही.

खर्चाच्या बाजूला ‘स’ यादी बघ. नगरसेवकांच्या नावावरची कामं तिथं असतात: बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, कमानी, नामफलक. एका सोसायटीच्या दारात मी चार बाकडी ओळीने पाहिली होती, चार रंगांची. प्रत्येकावर वेगळ्या माननीयांचं नाव आणि खाली ‘यांच्या संकल्पनेतून’. चारजणांचा प्रभाग, म्हणून चार संकल्पना. शेवटच्या बाकड्याचे सिमेंटचे पाय पावसाळी गटाराच्या जाळीवरच रोवलेले होते. ऐंशी-नव्वद हजार लोकांचा प्रभाग चौघांत वाटला की कामाचं श्रेय चौघांचं आणि तुंबलेली जाळी कोणाचीच नाही, असं होतं. प्रभागपद्धत तुझ्या हातात नाही, जाळी आहे.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. ‘नगरसेवक नसले तरी शहर चालतंच की’ हे वाक्य त्या काळात सुशिक्षित घरांतून मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. चालतं, हे खरंच आहे. १९४९ च्या महापालिका कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडेच आहेत, नगरसेवक असोत वा नसोत. ७४ व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षं उलटली तरी त्यात फारसा फरक पडला नाही. नगरसेवकाच्या हातात उरतं ते मुख्यतः विचारणं. पण सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि एकदा सहीनिशी आलेलं उत्तर पुढे कोर्टातसुद्धा उपयोगी पडतं. ती चार वर्षं उत्तर मागणारंच कोणी नव्हतं. एखादं बाकडं कमी झालं असेल, त्याचं मला दुःख नाही.

आता संकटांबद्दल. तू लिहितेस, संकटाच्या वेळी लोकांसोबत उभं राहायचं. उभी राहाच. पण २५ जुलै २०२४ ची सकाळ आठव. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. पाणी कुठवर चढेल ते नकाशावर पूररेषा दाखवते. मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकची (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आहे, लाल १ लाखाची. त्या दिवशी विसर्ग होता ३५ हजारांच्या घरात. म्हणजे कागदावर जिथं पाणी यायलाच नको तिथं ते आलं. पात्रातला राडारोडा आणि भराव, धरणाच्या खालच्या भागात रात्रभर पडलेला पाऊस, ओढ्यांचं नदीत न मावणारं पाणी, अशी कारणं सांगितली गेली, आणि त्यातलं एकही त्या रात्री जन्मलेलं नव्हतं. फूड पाकिटं वाटणारे लोकांच्या लक्षात राहतात. पात्रात भराव पडत असताना फोटो काढून तक्रार करणारा कोणाच्या लक्षात राहत नाही. तुला मतं कशाने मिळतील ते मी सांगू शकत नाही. काम कुठलं, ते सांगते आहे.

तेव्हा कोणाच्या हातात काय आहे ते आत्ताच शिकून घे. धरणाचे दरवाजे जलसंपदा विभागाचे. वीज महावितरणची. जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरातला कक्ष पालिकेचा. विसर्गाचा निरोप या साखळीतून उतरत शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत किती वेळ जातो, ते पावसाळ्याआधी एकदा तपासून बघ. नदीकाठच्या सोसायट्यांत तळमजल्यावर एकटे राहणारे म्हातारे किती, डायलिसिसला जाणारं कोण, विजेचं मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहे, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीज वाटणारी पेटी) कुठल्या खड्ड्यात उभा आहे, हे वहीत लिहून ठेव. २५ जुलैच्या त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत असं तो सांगतो. त्या समितीत जागा आणि परवाना यांवर वाद होत राहतात. रात्री गाडी कुठे लावायची, पूर येणार असेल तर त्यांना निरोप कोण देणार, हे प्रश्नही तिथं आले पाहिजेत.

पुराचा अवघड भाग वेगळाच आहे, आणि तिथं आपली माणसं गुळमुळीत बोलतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटला. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत पाणी घुसलं, टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, शहरात आणि आसपास मिळून वीसेक माणसं गेली. ओढा मोकळा झाला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग २४ जून २०२१ ला, भर पावसाळ्यात, करोनाच्या दिवसांत, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत जेसीबी लागले. बायका जेसीबीपुढे उभ्या राहिल्या आणि त्याच दिवशी कोर्टाने स्थगिती दिली. आता सांग, तू कोणत्या बाजूला? ‘वस्ती हटवू नका’ एवढंच म्हणशील तर पुढच्या पुरात बुडणारी घरं आधी त्याच वस्तीतली असतील. ‘ओढा आधी’ एवढंच म्हणशील तर रुंदीकरण गरिबांच्या काठाने होईल आणि समोरच्या काठावरची सोसायटीची संरक्षक भिंत जागची हलणार नाही. माझं मत सरळ आहे: ओढा रुंद व्हायलाच हवा, पण दोन्ही काठांची मोजणी एकाच दिवशी, एकाच नकाशावर व्हावी, पर्यायी घराची चावी जेसीबीच्या आधी हातात पडावी, आणि ते घर पोरांच्या शाळेपासून, बायकांच्या धुण्याभांड्याच्या कामांपासून बसच्या एका तिकिटाच्या आत असावं. यावर दोन्ही काठांचे लोक तुझ्यावर चिडतील. चिडू देत.

दुसरं संकट चिखल न करता आलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले. संशयित धरून आकडा दोनशेच्या वर गेला. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. यातली बरीचशी गावं नव्याने हद्दीत आलेली. पालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. क्षेत्रफळात पुणे मुंबईच्याही पुढे गेलं, आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसत्या क्लोरिनवर लोकांच्या घरी जात राहिलं. गाव हद्दीत घ्यायला एक अधिसूचना पुरते. जलवाहिनी पोचायला वर्षं जातात, आणि त्या मधल्या वर्षांतच माणसं आजारी पडतात.

इथं तुला करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे: ओ.टी. टेस्ट. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर नाही. टाकीजवळच्या नळाला पिवळं येतंच. तू चाचणी कर ती वाहिनीच्या शेवटच्या नळाला, पाणी आल्या आल्या. दर आठवड्याला, त्याच दोन-चार घरी, तारीख घालून. आरोग्य निरीक्षकाशी भांडताना तावातावापेक्षा ती वही जास्त चालते.

पाण्यावरून आणखी एक बोलते, कारण शहरातल्या पुरोगाम्यांचा हा आंधळा कोपरा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा जेमतेम २९ टीएमसी. त्यावर पुणं पितं आणि त्यावरच दौंड-इंदापूरचं शेत भिजतं. शहराने जास्त उचललं की कालव्याचं आवर्तन (शेतीला पाणी सोडायची पाळी) आखडतं, आणि टोकाच्या शेतकऱ्याला ते सगळ्यात आधी कळतं. म्हणून शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीसाठी मुंढव्याच्या जॅकवेलवरून (पाणी उपसायच्या विहिरीवरून) बेबी कालव्यात सोडायचं असतं, त्या पाण्याचा प्रश्न तुझाही आहे. किती सोडलं आणि ते खरोखर शुद्ध केलेलं होतं का, हे विचार. गळती किती, मीटर कुठे बसले, कुठे अडले, हेही विचार. ‘पुणेकरांना पाणी कमी पडू देणार नाही’ ही घोषणा कुठलाही पक्ष देतो. ती तू देऊ नकोस.

कचऱ्याचं थोडक्यात. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून उभी आहे, ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा पालिकेशी करार २००८ चा. कचरावेचक बायकांनीच घरोघरचा कचरा गोळा करायचा आणि त्याच संस्थेच्या मालक असायचं, हे आपल्या शहराने देशाला दाखवलं. तरी कराराची मुदत संपत आली की दर वेळी त्यांच्या जिवाला घोर लागतो. मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवर लावून ठेव आणि सहा महिने आधी विषय काढ.

तू विचारलंस, अधिकाऱ्यांशी कसं वागायचं. कनिष्ठ अभियंत्याला सगळ्यांसमोर झापू नकोस. लोक टाळ्या वाजवतात, आणि तो पुढची दोन वर्षं तुला फक्त नियम सांगतो. पैसे कुठे अडले हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतं. त्याला चहा पाज आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचार. वरच्या साहेबांना मात्र सगळं लेखी.

आता लगेच करायचं ते. पावसाळापूर्व नालेसफाईच्या निविदा निघतील. त्याआधी तुझ्या प्रभागातल्या ओढ्यावरचे सगळे कल्व्हर्ट (रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोऱ्या) पायी फिरून बघ. प्रत्येकाची रुंदी-उंची टेपने मोज, आतून जलवाहिनी किंवा केबल आडवी गेली असेल तर फोटो काढ, गाळ किती तो काठी टाकून बघ. यादी क्षेत्रीय कार्यालयात दे, आवक क्रमांक घे आणि एक प्रत मला पाठव. कुठल्या खात्याला काय लिहायचं ते मी सांगते. काम झाल्याचं बिल निघेल तेव्हा हीच मापं पुन्हा घ्यायची. जाताना गमबूट घाल आणि आरोग्य कोठीतल्या (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेवरच्या) मुकादमाला बरोबर ने. ओढ्यात पाय कुठे रुततो ते त्याला पाठ असतं.

तुझी,
ताई