‘माझ्या कामात लिहिण्यासारखं काही नाहीच’

“दोन महिन्यांत शंभरावर ठिकाणी रेझ्युमे पाठवला, एक फोन नाही. आणि खरं सांगू का, लिहायचं तरी काय? रोज तेच नग मोजायचे.”

हे म्हणणारा तरुण सव्वीस वर्षांचा. मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरी एमआयडीसीतल्या मशीनिंगच्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. त्याला चाकणकडच्या मोठ्या कंपनीत जायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडी हीच दोन वाक्यं असतात, आणि दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं.

आधी फाइल. दोन पानं, डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, मोबाइल नंबर आणि कौशल्यांपुढे तारे. ऑटोकॅडला चार तारे. “चार म्हणजे नक्की काय येतं?” यावर तो हसला. ताऱ्यांचं काम तिथेच संपलं.

मग त्यालाच एक चाचणी करायला लावली. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. पेस्ट झाल्यावर ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’च्या मध्ये कंपनीचं नाव घुसलेलं, तारखा एकीकडे आणि हुद्दे भलतीकडे. मोबाइल नंबर तर नव्हताच, कारण पट्ट्याचा तो भाग चित्र म्हणून सेव्ह झाला होता. नोकरीच्या पोर्टलवरचं सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर उचलतं. दोन रकाने असले की पुष्कळदा ओळी एकमेकींत मिसळतात, आणि चित्रातली अक्षरं सहसा हाती लागतच नाहीत. मोबाइलवर स्कॅन करून पाठवलेल्या रेझ्युमेची तीच गत. उपाय सोपा आहे: वर्डमध्ये एकच रकाना, टेबल नाही, अक्षर 11 पॉइंट, नाव-नंबर हेडरमध्ये न टाकता पानाच्या पहिल्या ओळीत. तीन-चार वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं.

वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही, हे सगळं काढलं. ते लग्नाच्या बायोडाटात शोभतं. सरकारी भरतीचं वेगळं; तिथे जाहिरातीत दिलेला नमुना जसाच्या तसा पाळायचा.

आता लिहिण्यासारखं काय, हा प्रश्न. त्याच्या रेझ्युमेत तीन वर्षांचा हिशोब एका ओळीत होता: ‘रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी’. अशा वेळी ‘तुमचं यश सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. म्हणून त्याला कालची पहिली शिफ्ट सांगायला लावली, गेटमधून आत आल्यापासून. सात वाजता प्रत्येक मशीनचा पहिला नग ड्रॉइंगशी ताडून पास करायचा, तोवर उत्पादन सुरू होत नाही. मशीन चार. मग दर दोन तासांनी प्रत्येकी पाच नग. बोअर, म्हणजे नगातलं गोल छिद्र, कशाने मोजता? बोअर गेजने. तो शून्य कशावर करता? मास्टर रिंगवर, म्हणजे नेमकं माप माहीत असलेल्या कडीवर. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? 0.02 मिलिमीटर. ग्राहकाकडून तक्रार आली तर? नापास नग लाल पेटीत वेगळे काढतो, 8-डी रिपोर्टसाठी (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) मोजमापं मीच देतो.

वीस मिनिटांत दीड पान भरलं. त्यातून उतरलेली ओळ अशी: ‘4 व्हीएमसी मशीनवर पहिल्या नगाची मंजुरी आणि दर 2 तासांनी तपासणी, 0.02 मिमी टॉलरन्सचे बोअर डायल बोअर गेजने मोजणे’. (व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणारं कटिंग मशीन.) हे साध्या इंग्रजीत लिहायचं. अशा चार-पाच ओळी, बस.

इथवर आल्यावर त्याला जोर चढला. ‘रिजेक्शन 50 टक्क्यांनी कमी केलं’ टाकूया का? कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि त्यासाठी तुम्ही काय बदललंत? उत्तर नव्हतं, म्हणून आकडा नको. पण बोलता बोलता दुसरंच निघालं. इन्सर्ट (मशीनचं कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (नव्या टोकानुसार मापाची दुरुस्ती) घ्यायचा राहिला की बोअर मोठं यायचं, आणि ते दोन तासांनी, पुढच्या तपासणीत कळायचं. तोवर डबा भरलेला. इन्सर्ट बदलला की लगेच पुढचा नग तपासायची पद्धत यानेच लाइनवर सुरू केली होती. आकड्याविनाही ही ओळ भक्कम आहे, कारण कुणी खोदून विचारलं तरी तो अर्धा तास बोलू शकतो.

खरी भीती शेवटी बाहेर आली. आधीच्या नोकरीनंतर सात महिने तो घरी होता, वडिलांच्या आजारपणात. ते झाकायला जुन्या कंपनीची तारीख पुढे ओढली होती. हे करू नका. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि पडताळणीत ती मागतात. सात महिन्यांच्या खंडामुळे नोकरी सहसा जात नाही, खोट्या तारखेने मात्र हातात आलेलं ऑफर लेटरही जातं. ‘कुटुंबातील आजारपणामुळे खंड’ एवढं आणि खरे महिने, पुरे.

यानंतर अर्ज कमी केले, दिवसाला दोनच. दर वेळी जाहिरातीतले शब्द समोर ठेवायचे. हा ज्याला ‘लाइन चेकिंग’ म्हणतो त्याला जाहिरातीत ‘इन-प्रोसेस इन्स्पेक्शन’ असतं, आणि एचआरवाला पोर्टलवर तोच शब्द टाकून शोधतो. काम तेच असेल तर शब्द त्यांचा घ्यायचा. सीएमएम (नगाची मापं घेणारं संगणकीय यंत्र) मात्र याने कधी चालवलं नव्हतं, फक्त रिपोर्ट वाचले होते. म्हणून ‘सीएमएम रिपोर्ट वाचून निर्णय’ एवढंच लिहिलं. फाइलला ‘रेझ्युमे फायनल न्यू 2’ऐवजी नाव आणि हुद्दा दिला.

तिसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला, तोही एचआरचा नाही, थेट क्वालिटीच्या साहेबांचा. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “बोअर गेज शून्य कशावर करता?”